चावी हरवलीय, टायटल सापडत नाही: गाडी दान करायची, भंगारात द्यायची का आधी कागद काढायचे?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत हा किस्सा सारखा कानावर येतो. कोणीतरी कायमचं पुण्याला परत जातं, जाताना जुनी कोरोला नाहीतर सिविक अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये सोडतं आणि मित्राला सांगतं की तू बघ रे जरा, नाहीतर देऊन टाक कुठेतरी. मग काही महिन्यांनी काचेवर मॅनेजमेंटची चिठ्ठी लागते, रजिस्ट्रेशन संपलंय, हलवा नाहीतर टो करू. तोवर चावी कुठल्यातरी बॅगेतून पिंपरीला पोचलेली असते आणि टायटल कुठंय हे खुद्द मालकालाही आठवत नसतं. मग कोणीतरी म्हणतं, अरे चॅरिटीला देऊन टाक ना, ते फुकट उचलून नेतात, टॅक्समध्येही मिळतात पैसे. अर्धं खरंय ते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, चावी नसणं आणि टायटल नसणं या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. चावी म्हणजे फक्त पैशाचा प्रश्न, नसली तर गाडीचा भाव पडतो, बस. टायटल म्हणजे मालकी. ते नसेल तर तुम्ही दान करायला निघालेली वस्तू तुमची आहे याचा कागदच नाही, आणि बहुतेक चॅरिटीवाले तिथेच थांबतात. भारतात आरसी बुक हातात असलं की झालं अशी आपली सवय, त्यामुळे कित्येक जण ग्लव्हबॉक्समधलं रजिस्ट्रेशन कार्ड दाखवून म्हणतात हे काय आहे की. ते टायटल नाही. ते फक्त गाडी रस्त्यावर आणायची परवानगी आहे.

तर पर्याय साधारण चार. जशी आहे तशी, चावी-टायटल दोन्हींशिवाय दान करणं. डुप्लिकेट टायटल काढून, चावीशिवायच दान करणं. दोन्ही करून घेऊन मग दान करणं किंवा विकणं. आणि जंकयार्डला, म्हणजे भंगारवाल्याला, देऊन रोख पैसे घेणं.

पहिल्यावर फार वेळ घालवत नाही. गाडी उचलणाऱ्या काही संस्था वेबसाइटवर लिहितात की टायटल नसलं तरी फोन करा, पण त्याचा अर्थ बहुधा इतकाच की टायटल काढायला आम्ही फॉर्म पाठवू, सही तुम्हीच करायची. आणि खरंच कोणी म्हणालं की काही नको, उद्या येऊन नेतो, तर मी तरी गाडी देणार नाही, कारण तुमच्या नावावर असलेली गाडी ट्रान्सफर न होता फिरली तर टोल, पार्किंगची तिकिटं आणि उद्या कुठे ठोकली तर त्याचं पत्र, सगळं जुन्या मालकाच्या दारात येतं. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साइटवर टॅक्स-एक्झेम्प्ट संस्था शोधायचं टूल आहे, तिथे नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढं तरी कराच.

दुसरा पर्याय, म्हणजे टायटल काढा आणि चावीच्या नादी लागू नका, हा बहुतेकांसाठी बरोबर आहे असं माझं मत. डुप्लिकेट टायटल हे काही फार अवघड प्रकरण नाही. कॅलिफोर्नियात आरईजी २२७ नावाचा फॉर्म आहे. न्यूयॉर्कमध्ये एमव्ही-९०२ आणि फी २० डॉलर. टेक्सासमध्ये तर व्हीटीआर-३४ पोस्टाने पाठवला तर २ डॉलर, ऑफिसात जाऊन घेतलं तर ५ डॉलर ४५ सेंट. न्यू जर्सीवाले मात्र ६० डॉलर घेतात, ते का ते त्यांनाच ठाऊक. नवीन टायटल निघालं की जुनं रद्द होतं, त्यामुळे उद्या जुनं कुठल्या फाइलमध्ये सापडलं तर ते वापरायचं नाही.

घोडं पेंड खातं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे लोन. गाडी लोनवर घेतली होती, लोन फिटलं, पण बँकेचा लियन, म्हणजे गाडीवरचा हक्क, रेकॉर्डवरून निघालाच नाही असं खूपदा असतं, आणि बऱ्याच राज्यांत लोन चालू असेपर्यंत टायटल बँकेकडे, तेही इलेक्ट्रॉनिक. म्हणजे 'हरवलेलं' टायटल मुळात कधी घरी आलेलंच नसतं. आधी डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या आरटीओसारख्या खात्याकडे, तपासा, लियन दिसला तर बँकेकडून लियन रिलीजचं पत्र मागवा. बँकच बुडाली असेल तर एफडीआयसी, म्हणजे बँकांच्या ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था, ते पत्र देते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

दुसरं म्हणजे मालक भारतात. अर्जावर सही मालकाचीच लागते, मित्राने "त्याने मला सांगितलंय" म्हणून चालत नाही. पॉवर ऑफ अटर्नी करावी लागते, त्याचा फॉर्म प्रत्येक राज्याचा वेगळा, कॅलिफोर्नियाचा आरईजी २६०, टेक्सासचा व्हीटीआर-२७१. कागदावर नोटरी लागत असेल तर मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन होते, एका शिक्क्याचे ५० डॉलर. भंगार गाडीसाठी ५० डॉलर आणि पुण्याहून मुंबईची चक्कर म्हटल्यावर मालक वैतागतो, आणि मग ते भिजत घोंगडं पडतं ते पडतंच. म्हणून आधी राज्याला नोटरी लागते का तेच विचारा. आणि डुप्लिकेट टायटल पोस्टाने जातं ते बहुधा डीएमव्हीच्या रेकॉर्डवरच्या पत्त्यावर, म्हणजे तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या अपार्टमेंटवर. तेव्हा पत्ता आधी बदला, मग अर्ज.

आता चावी. चावीशिवायची गाडी उचलणं म्हणजे काय हे एकदा बघण्यासारखं असतं. गाडी पार्कमध्ये, पुढची चाकं जॅम, स्टीअरिंग लॉक. ड्रायव्हर फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीचा टो ट्रक, तिरका करून पुढच्या टायरखाली प्लास्टिकच्या घसरपट्ट्या सारतो, खालून हुक अडकवतो आणि विंचने इंच-इंच ओढतो, शेजारच्या गाडीला घासेल की काय म्हणून सगळे श्वास रोखून उभे. मोकळ्या पार्किंगमध्ये हे जमतं. बेसमेंट गॅरेजमध्ये छत खाली असेल तर फ्लॅटबेड आतच शिरत नाही, आणि तिथे कितीतरी चॅरिटी नाही म्हणतात. त्यामुळे फोनवर सांगताना 'चावी नाही' एवढंच सांगू नका, गाडी कुठे उभी आहे, चाकं कुठल्या दिशेला वळलेली आहेत, टायरमध्ये हवा आहे का, हँडब्रेक ओढलाय का, सगळं सांगा.

अजून एक भानगड आहे आणि ती कोणी आधी सांगत नाही. २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची गाडी ट्रान्सफर करताना किती मैल चाललीय ते लिहून द्यावं लागतं, २० वर्षांपर्यंत, हा फेडरल नियम आहे. २०१० आणि आधीच्या गाड्यांना माफ. आता डिजिटल मीटर चावीशिवाय लागणार कसा? म्हणून २०११ किंवा नंतरची गाडी असेल तर चावी नाही, मीटर वाचता येत नाही हे संस्थेला आधीच सांगा आणि फॉर्म कसा भरायचा ते विचारा. अंदाजाने आकडा ठोकून देऊ नका, त्याखाली तुमची सही असते. आणि ते सगळं करण्याआधी लॉकस्मिथकडून नुसतं दार उघडून घ्या, ट्रिपल ए या वाहनचालकांना रस्त्यात मदत करणाऱ्या क्लबची मेंबरशिप असेल तर त्यातच होतं. कितीतरी वेळा टायटल, कधीकधी दुसरी चावीसुद्धा, ग्लव्हबॉक्समध्येच निघते. टोलसाठीचा ईझी-पासचा टॅगही आत चिकटलेला असतो, तो काढायला विसरू नका.

मग चावी करूनच का घेऊ नये? चिपवाली चावी करायला लॉकस्मिथ घरी येऊन साधारण दीडशे ते चारशे डॉलर घेतो, स्मार्ट की असेल तर जास्तच. डीलर व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, चावी कापून देतो पण मालकीचा पुरावा मागतो, आणि चिप प्रोग्राम करायला गाडी त्याच्या दारात न्यावी लागते, म्हणजे टोइंगचा खर्च वेगळा. बॅटरी मेलेली, इंजिन चालू होईल का माहीत नाही, अशा वीस वर्षांच्या गाडीला हे करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पण गाडी दहा-बारा वर्षांची, चालू स्थितीत उभी केलेली, चार-पाच हजार किमतीची असेल तर हिशोब पूर्ण उलटा होतो. लिलावात 'नो कीज' लिहिलेली गाडी लोक चालत नाही असंच धरून बोली लावतात. तिथे अडीचशे डॉलरची चावी हजारभर डॉलर वाचवू शकते, आणि मग मी तर म्हणेन दान राहू दे बाजूला, आधी विकायचा विचार करा, मनात असेल तर आलेल्या पैशातून चेक द्या.

कारण टॅक्सचं जे सांगतात ना, तिथे बरीच हवा आहे. पूर्वी लोक ब्लू बुकची, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भावांच्या यादीतली, किंमत लावून वजावट घ्यायचे, ते २००५ पासून बंद झालं. आता संस्था गाडी विकते, जेवढ्याला विकली तेवढीच वजावट, आणि ती किंमत फॉर्म १०९८-सी वर येते. ५०० डॉलर किंवा त्याहून कमीला विकली तर ५०० किंवा गाडीची बाजारभावाची किंमत यातलं जे कमी ते. म्हणजे चावी नसलेली गाडी ३५० ला गेली तर फार तर ५०० ची वजावट. आणि वजावट म्हणजे पैसे नव्हेत, २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर ५०० चे होतात ११० डॉलर.

ते ११० सुद्धा आयटमाइझ करणाऱ्यालाच, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेणाऱ्यालाच. त्याऐवजी काही न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, ते २०२५ साठी एकट्याला १५,७५०, जोडप्याला मिळून ३१,५०० डॉलर होतं. घर नाही, भाड्याने राहता, तर तुमची आयटमाइझची बेरीज तिथपर्यंत पोचणं कठीण, म्हणजे गाडी दान करून टॅक्समध्ये मिळालं शून्य. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही थोडी वजावट आहे, पण ती रोख देणगीला, गाडीला नाही. आयटमाइझ करणाऱ्यांच्या देणग्यांतूनही २०२६ पासून उत्पन्नाच्या अर्धा टक्का आधी कापला जाणार.

इथे एक गंमत आहे, जो वर्षाच्या मध्येच भारतात परत गेला त्याचं रिटर्न ड्युअल-स्टेटस, म्हणजे वर्षाचा काही भाग रहिवासी आणि काही भाग अनिवासी असं, होऊ शकतं आणि त्यात स्टँडर्ड डिडक्शन मिळतच नाही. त्याला ही छोटी वजावट खरोखर उपयोगी पडते. फक्त ती ज्याच्या नावावर गाडी त्यालाच, बिचारा मित्र उन्हात टो ट्रकची वाट बघत उभा राहिला तरी त्याला काही नाही. आणि संस्था अमेरिकेतलीच हवी, गावच्या देवस्थानाला पैसे पाठवले तर पुण्य मिळेल, वजावट नाही.

चालू गाडी असेल तर अजून एक वेगळी वाट आहे. मेरीलँडच्या व्हेइकल्स फॉर चेंजसारख्या संस्था चांगल्या गाड्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना स्वस्तात देतात, सरसकट लिलावात फेकत नाहीत. अशा वेळी पूर्ण बाजारभावाची वजावट मिळू शकते, आणि मुख्य म्हणजे गाडी कोणाच्यातरी कामाला लागते. मनापासून दान करायचं असेल तर चावीचा खर्च इथे करावा. बाकी नेहमीच्या पद्धतीत गाडी उचलणारी एजन्सी आपला वाटा घेते, उरलेलं चॅरिटीला. किती उरतं ते सरळ विचारा, चांगली संस्था सांगते.

उरलं जंकयार्ड. भाव लोखंडाच्या दरावर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, शाबूत आहे का यावर, साधारण दोनशे-चारशे डॉलर धरा. चावीची त्यांना फिकीर नसते, पण टायटल बहुतेक राज्यांत त्यांनाही लागतं, शिवाय आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद त्यांना एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय यादीत करावी लागते. फार जुन्या गाड्यांना काही राज्यांत सूट असते, तिथल्या यार्डला फोन करून विचारलं की लगेच कळतं. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्याला, जुनी बंद गाडी असताना, पैशाच्या दृष्टीने हाच पर्याय सरळ सरस आहे. दोनशे डॉलर रोख की शून्य, याच्यात हिशोब काय करायचा? कॅलिफोर्नियात जुनी गाडी मोडीत काढायला सरकार १३५० डॉलर, उत्पन्नाच्या अटीत बसलात तर २००० पर्यंत देतं, पण गाडी स्वतःच्या चाकांवर चालत यार्डात जावी लागते, तेव्हा चावीविना ते विसरा.

म्हणजे पहिला खर्च कुठलाही पर्याय घेतला तरी टायटलचाच. चावीचा निर्णय गाडीच्या किमतीवर सोडा. आणि दान का भंगार हे टॅक्स रिटर्नवर नाही, मनावर ठरवा. कटकट नको, कोणाचं तरी भलं होऊ दे असं वाटत असेल तर दान उत्तम आहे, मी स्वतः त्याच मताचा आहे, फक्त बायकोला किंवा नवऱ्याला 'टॅक्समध्ये भरपूर येतील' असं सांगून ठेवू नका.

गाडी गेल्यावर ट्रकच्या पाठीकडे बघत हात झटकून आत जाऊ नका, त्याच दिवशी डीएमव्हीला गाडी दिल्याचं कळवा. कॅलिफोर्नियात रिलीज ऑफ लायबिलिटी, म्हणजे गाडीची जबाबदारी आता माझी नाही असं कळवणारा फॉर्म, ५ दिवसांच्या आत भरायचा असतो, ऑनलाइन होतो. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये नंबर प्लेट आधी काढून परत द्यायच्या, मग इन्शुरन्स बंद करायचा. उलट क्रमाने केलं तर न्यूयॉर्कमध्ये लायसन्सपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. प्लेटचे स्क्रू गंजलेले असतात, ट्रक यायच्या आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवा.