कीबोर्ड दुरुस्तीच्या नावाखाली ८,८०० रुपये घेतले, बोर्ड मात्र बदललाच नाही

माझ्या ६१ पट्ट्यांच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या दुरुस्तीसाठी माझ्याकडून ८,८०० रुपये उकळले गेले. ऑनलाइन नकाशावर ‘अधिकृत सेवा केंद्र’ म्हणून झळकणारे क्रमांक अनेकदा भामट्यांचे असतात, हे बहुतेकांना ठाऊक आहे आणि मलाही होते. तरी मी त्यांतल्याच एका क्रमांकावर फोन केला, कारण गणेशोत्सवातील कार्यक्रमांच्या तारखा दिलेल्या होत्या आणि वाद्य न्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात कंपनीचे ओळखपत्र होते. त्या घाईत कोणीही विश्वास ठेवला असता.

मधल्या सप्तकातील तीन पट्ट्या कधी मुक्या राहत, तर कधी हलक्या स्पर्शालाही पूर्ण जोराने वाजत. शिवाय डाव्या स्पीकरमधून खरखर येई. वाद्य न उघडताच ‘मेन बोर्ड’, म्हणजे आतले मुख्य सर्किट, ‘गेला आहे’ असे त्याने सांगितले. मी हेडफोन लावला, तेव्हा खरखर पूर्ण थांबली. त्यावर ‘हेडफोनची लाइन वेगळी असते, साहेब’ हे उत्तर मिळाले. तो क्षण आजही सलतो. आवाज निर्माण करणारा भाग बिघडला असता, तर खरखर हेडफोनमध्येही ऐकू आली असती. म्हणजे दोष स्पीकर, त्याची वायर किंवा ॲम्प्लिफायर एवढ्यातच होता आणि तो पुरावा माझ्या कानांत असतानाच मी पैसे पाठवले. मी वादक आहे, तंत्रज्ञ नव्हे. आपल्या विषयात ठामपणे बोलणाऱ्या माणसाला मी कोणत्या आधारावर खोटे ठरवणार होतो?

भेटीचे ५००, बोर्डासाठी आगाऊ ४,०००, वाद्य परत देताना २,५०० आणि ‘स्पीकरची जोडी’ म्हणून १,८०० रुपये, हे सर्व यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. समोर दुकानाचे नाव येत नसेल, तर पैसे पाठवू नका. बिल ‘मेलवर येईल’ असे सांगितले होते. ते आले नाही.

पट्ट्या लवकरच पुन्हा मुक्या झाल्या. ओळखीच्या कारागिराने वाद्य उघडले, तेव्हा जुन्याच बोर्डावर जुनीच धूळ होती आणि पट्टी दाबल्यावर विजेचा संपर्क जुळवणाऱ्या कार्बन रबरच्या काळ्या ठिपक्यांवर तात्पुरती सोय म्हणून पेन्सिलीचे शिसे घासलेले होते. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. त्यांपैकी एक नीट जुळला नाही, तर पट्टी मुकी राहते किंवा एकदम जोरात वाजते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सफाई, नवे रबर आणि स्पीकरच्या वायरचा सुटलेला सांधा, एवढ्यासाठी त्याने १,१०० रुपये घेतले. माझे मूळ स्पीकर मात्र गेले. त्यांच्या जागी हलक्या दर्जाचे बसवलेले होते. बदललेला प्रत्येक भाग परत मागा आणि वाद्य देण्यापूर्वी अनुक्रमांकाचा फोटो काढा.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे, पैसे तुम्हीच पाठवलेत’ असे ऐकवले गेले. सायबर कक्षाने ही सेवेची तक्रार असल्याचे सांगून ग्राहक कक्षाकडे पाठवले, ग्राहक कक्षाने बिल मागितले, आणि ज्या कंपनीचे नाव वापरून मला लुबाडले, तिने ‘ते आमचे केंद्र नाही’ एवढे कळवून हात झटकले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही. पण तेथे प्रतिपक्षाचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. बिलच न देणाऱ्याचा पत्ता मी कोठून आणावा? ज्या खात्यात पैसे गेले, त्याच्या मालकाचा पत्ता बँकेकडे आहे आणि पोलिसांनी तो मागावा, असा लेखी अर्ज मी दिला आहे. त्याची पोचही हट्ट धरल्यावरच मिळाली.