सांगलीत पहिला डेव्हलपर घेताय? ऑनलाइन टेस्ट, घरचं असाइनमेंट की समोर बसवून काम

सांगली-मिरजेत छोटी सॉफ्टवेअर कंपनी असली की पहिला डेव्हलपर घेताना बहुतेक जण एकच करतात, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा आहे का बघायचं, अनुभव किती वर्षं विचारायचं आणि तासभर गप्पा मारून ठरवून टाकायचं. अनुभवाच्या वर्षांवर एवढं जाऊ नका. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये भरतीवरचं जुनं संशोधन परत तपासलं, त्यात अनुभवाची वर्षं आणि पुढचं काम यांचा संबंध (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पक्का) जेमतेम 0.07 निघाला आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा 0.42, सगळ्यात वर.

ऑनलाइन टेस्ट शेकड्यानं अर्ज येतात तिथं चाळणी म्हणून ठीक. आपल्याकडं येतात मोजके, आणि पोरं लिंक्ड लिस्ट उलटी करणं असले ठरलेले कोडिंगचे प्रश्न पाठ करून येतात.

घरच्या असाइनमेंटमध्ये मुलाखतीला घाबरणारं पोरगं पण नीट उतरतं, हे खरंच चांगलं आहे. पण नोकरी करणाऱ्याचा रविवार जातो, आणि आता एआयकडनं लिहून घेतलंय का स्वतः, कळत नाही. दिलंच तर दोन तासांचं द्या आणि नंतर समोर बसवून त्यातच एक बदल करायला लावा.

माझं मत समोर बसवून कामालाच. हळदीच्या अडत्याच्या पट्टीचा छोटा प्रोग्राम द्यायचा, ज्यात ओळींची बेरीज आणि खालचा टोटल एका पैशानं जुळत नाही. बरेच जण लगेच फ्लोटवर, म्हणजे कॉम्प्युटर अपूर्णांक अंदाजे साठवतो त्या पद्धतीवर, बोट ठेवतात, 0.1 अधिक 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं वगैरे, ते बरोबरच आहे, पण डेसिमल, म्हणजे दशांश तंतोतंत साठवणारा प्रकार, केलं तरी फरक राहतो कारण प्रत्येक ओळ राउंड होऊन छापली जातेय आणि टोटल राउंड न केलेल्या आकड्यांवरनं निघतोय. चांगला माणूस कोडला हात लावायच्या आधी तीच पट्टी परत काढून चूक स्वतः बघतो, आणि मग विचारतो, "राउंड कुठं करायचं हे अडत्याला विचारलंय का?" हा प्रश्न आला की मला निम्मं उत्तर मिळतं.

यात तुमचा वेळ जातो, हे धरून चला. प्रोग्राम तोच, प्रश्न तेच, मार्कांचा कागद आधीच तयार, आणि सुरुवातीची दहा मिनिटं त्याला एकट्याला सोडा, मान वर करून बघत बसू नका. स्वतःला कोड येत नसेल तर पुण्यातल्या ओळखीच्या डेव्हलपरला व्हिडिओ कॉलवर बसवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.