नावेच्या पुढच्या काचेवरची वाफ: अख्खा हिवाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

आधी कशावर वापरलं ते सांगते, कारण सगळं त्यावरच ठरतं. ग्वाल्हेरजवळ तिघऱ्याच्या धरणावर माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची, फायबरची छोटी नाव आहे. पुढे अर्धी केबिन, समोर ॲक्रिलिकची (म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची) काच, दोन्ही बाजूंना सरकत्या खिडक्या, मागे कापडी पडदा, आणि इंजिन आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून टांगलेलं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत आम्ही तिघं-चौघं पहाटे त्यातून पाणपक्षी बघायला जात होतो. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते (१९८७ पासून चालू आहे), त्यामुळे नेमक्या सगळ्यात गारठ्याच्या दिवसांत पाण्यावर असतो, आणि ग्वाल्हेरचा जानेवारी काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगते, पहाटे पाच-सहा डिग्री म्हणजे नेहमीचं आणि धुकं असं की समोरची गल्ली दिसत नाही.

तर त्रास हा की नाव सुरू करून दहा मिनिटं होत नाहीत तोवर पुढची काच आतून पांढरी. सुरुवात खालच्या दोन कोपऱ्यांतून होते, मग मधे चढते, मग थेंब होऊन ओघळ खाली डॅशबोर्डवर. चालवणारा एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्याने मफलरच्या टोकाने काच पुसतो, आणि पुसलेली जागा दोन मिनिटांत परत भरते. समोर मासेमारीची जाळी असतात, बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, कधी बिनदिव्याची दुसरी नाव असते, त्यामुळे मला ही गैरसोय वाटत नाही, धोका वाटतो, आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहितेय.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, गाडीत बटण दाबलं की काच साफ होते मग नावेत का नाही. गाडीत दोन गोष्टी एकदम होतात, एसीच्या थंड कॉइलवर हवेतलं पाणी गळून पडतं, आणि मग ती कोरडी हवा इंजिनच्या गरम कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) तापून काचेवर येते. आउटबोर्ड धरणाचंच पाणी खेचतं, इंजिन थंड करतं आणि परत बाहेर फेकतं, म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली, केबिनमधे काहीच नाही. थंड देशांत आत इंजिन असलेल्या बोटींना गरम कूलंटवर चालणारा ब्लोअर लावतात, तो खरा इलाज आहे, पण आपल्याकडच्या छोट्या नावेत ती सोयच नसते.

मग वाफ येते कुठून? आपल्यातूनच. श्वास बाहेर पडतो तो साधारण ३४ डिग्रीचा आणि पाण्याने गच्च भरलेला. नुसतं बसून राहिलं तरी एक माणूस श्वास आणि त्वचा मिळून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो, चार माणसं म्हणजे तासाभरात जवळजवळ एक कप पाणी त्या इवल्याशा केबिनमधे. वर आदल्या दिवसाची ओली लाइफ जॅकेटं, सीटखाली भिजलेला दोर, आणि तळात साचलेलं पाणी. आणि चहा! थर्मास उघडून स्टीलच्या पेल्यात ओतला की पेल्याच्या बरोबर समोर काचेवर थाळीएवढा पांढरा गोल उमटतो, आम्ही सगळ्यांनी बघितलाय. आता चहा मागे पडद्याबाहेर, दादाने नियमच केलाय.

या हिवाळ्यात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर तो फुकटच्या गोष्टीने. ओलं सामान केबिनबाहेर, निघायच्या आधी तळ स्पंजने कोरडा, आणि दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या. दादा आधी ऐकायलाच तयार नव्हता, म्हणाला अगं बाहेर एवढं धुकं, खिडकी उघडली तर ते सगळं आत येईल, वर थंडी वेगळी. मलाही ऐकायला उलटंच वाटायचं, पण हिशोब करून बघा. ५ डिग्रीची हवा पूर्ण भरली तरी तिच्यात घनमीटरला सुमारे ७ ग्रॅमच वाफ मावते. तीच हवा आत येऊन १५ डिग्रीची झाली की तिची क्षमता होते जवळपास १३ ग्रॅम, म्हणजे बाहेर शंभर टक्के ओली असलेली हवा आत आल्यावर निम्मीच भरलेली. धुक्याचे थेंब सोबत येतात ते घनमीटरला ग्रॅमचा अंश, म्हणजे किरकोळ. म्हणजे जानेवारीतली धुक्याची हवासुद्धा आपल्या श्वासाच्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. दादाला हे आकडे पटले नाहीत, एक खिडकी उघडून त्या बाजूची अर्धी काच साफ होताना बघितली तेव्हा पटले.

खिडक्या समोरासमोर उघडायच्या, एकच उघडली तर त्या बाजूपुरतीच काच साफ होते, हवा आरपार फिरत नाही. आणि मागचा पडदा पूर्ण बंद केला तर खिडक्यांचा अर्धा फायदा गेला.

विकत घेतलेल्या वस्तूंत पहिला नंबर १२ व्होल्टच्या छोट्या पंख्याचा, ट्रकवाले डॅशबोर्डवर लावतात तोच. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात ऑटो पार्टच्या दुकानात चारशेच्या आतबाहेर मिळाला. खालच्या कोपऱ्यात, काचेला तिरका, हवा काचेवरून सरकत वर जाईल असा लावायचा, समोरून सरळ मारला तर मधे एक साफ गोल होतो आणि कडा तशाच राहतात. तो काही गरम करत नाही, पण काचेला चिकटून बसलेला गार ओला थर हलवतो, खिडकीची हवा तिथपर्यंत पोचवतो, आणि काच केबिनच्या तापमानाच्या जवळ राहते. करंट एखादा ॲम्पियर, बॅटरीला कळतही नाही. तक्रारी दोन. क्लिप इंजिनच्या थरथरीने सैल होते, प्लास्टिकच्या केबल टायने आवळून टाकली तेव्हा कुठे शांत झाली. आणि जाळीचे स्क्रू साधे लोखंडी असल्यामुळे महिन्याभरात गंजले, ते स्टेनलेसचे बदलून घ्या. आवाज आहे, पण इंजिनपुढे काहीच नाही.

त्यानंतर ऑनलाइन मिळणारा सिगरेट लायटरच्या सॉकेटवरचा १५० वॅटचा 'डीफ्रॉस्टर'. फोटोत तर काचेवरचं बर्फ वितळवतो. प्रत्यक्षात १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा ॲम्पियर, सॉकेटचा फ्यूज तेवढ्यावरच काठाशी असतो, आणि गाडीचा हीटर काही किलोवॅटचा असतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही. समोर वितीभर जागा साफ राहिली, बाकी काच जशीच्या तशी, वर प्लग हाताला चटका बसेल एवढा तापला. आउटबोर्डचं चार्जिंग आधीच बेताचं, बॅटरी धरणाच्या मधे बसली तर इंजिन सुरू कशावर करायचं? पैसे परत मागितले, विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. घेऊ नका.

आता स्प्रे. अँटीफॉग स्प्रे म्हणजे मुळात साबणाच्याच जातीचा पदार्थ, पाण्याचे थेंब न होऊ देता त्याचा पातळ सपाट थर करतो. वाफ धरतेच, फक्त आरपार दिसतं. दोन प्रकारचे आणले, आणि सोबत बेबी शाम्पू पाण्यात घालून घरचा बनवला (डायव्हिंगवाले मास्कला हेच लावतात). खरं सांगते, पहिल्या तासाभरात तिन्हींत मला फरक दिसला नाही. महागडा थोडा जास्त टिकला, पण काच एकदा पुसली की तोही गेला, आणि नावेत काच पुसल्याशिवाय कोणी राहत नाही. लावायची पद्धत महत्त्वाची, काच धुऊन पूर्ण कोरडी, मग अगदी थोडा स्प्रे मायक्रोफायबरवर घेऊन पसरवायचा, आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने त्याचा थर दिसेनासा होईपर्यंत घासायचा. जाड राहिला तर धुक्यात कळत नाही पण सूर्य वर आला आणि नाव पूर्वेकडे वळली की अख्ख्या काचेवर तेलकट रेघा चमकतात आणि समोरचं काहीच दिसत नाही, म्हणजे वाफ परवडली. शाम्पूवाला घरचा उपाय मी स्कूटरवर हेल्मेटच्या व्हायझरलाही लावते, लश्कर ते तिघरा पहाटेच्या वाटेला पुरतो.

टूथपेस्ट लावा असं कोणी सांगितलं तर अजिबात लावू नका. तिच्यात घासणारी पावडर असते, ॲक्रिलिकवर बारीक गोल ओरखडे पडतात आणि ते जात नाहीत.

सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे अँटीफॉग फिल्म, बाथरूमच्या आरशाला किंवा गाडीच्या साइड मिररला लावतात ती, मोठ्या शीटमधे मिळते. चालवणाऱ्याच्या समोर तेवढाच तुकडा लावला, पूर्ण काचेला लावायची गरजच नाही. साबणपाण्यावर सरकवून रबरी पट्टीने पाणी काढायचं. सपाट भागावर सुंदर बसली, काच जिथे कडेला वळते तिथे मात्र सुरकुती आली ती आलीच, शेवटी तेवढी ब्लेडने कापून टाकली. तीन महिने झाले, अजून काम करते. फार वेळ खिडक्या बंद राहिल्या तर तीही पाणी पिऊन भरते आणि मग समोरचं जरा लहरी लहरी दिसतं, पण पांढरं होत नाही, आणि पंखा चालू केला की काही मिनिटांत पूर्ववत. ओली असताना पुसायची नाही, नाजूक असते, आमच्या फिल्मवर कुणाच्या तरी अंगठीचा एक ओरखडा पडलाय आणि तिथे आता थेंब धरतात.

ॲक्रिलिकबद्दल वेगळं लिहावंच लागेल. नाव दादाकडे येण्याआधी कुणीतरी ती काच घरातल्या काचेच्या अमोनियावाल्या क्लीनरने पुसत आलं होतं, डाव्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे केसाएवढे तडे आहेत, उन्हात झगमगतात, आणि ते आता निघणार नाहीत. अमोनिया, स्पिरिट, थिनर, काहीही नको. सौम्य साबण, भरपूर पाणी, मऊ कापड, बस्स. कोणताही स्प्रे घेताना मागे प्लास्टिकला चालतो असं लिहिलंय का ते बघा, कित्येक फक्त खऱ्या काचेसाठी असतात. आणि हे सगळं धुणं-पुसणं काठावर, पाण्यापासून लांब, बादलीत. तिघऱ्याचं पाणी ग्वाल्हेरच्या घराघरांत प्यायला जातं, १९१६ मधे तो बांध पहिल्यांदा बांधला, विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्यानंतर इथे बसले होते, त्या पाण्यात आपण केमिकल सांडायचं नाही.

काचेच्या बाहेरच्या बाजूचं गणित उलटं. आत पाणी पसरवायचं असतं, बाहेर ते मण्यांसारखं घरंगळून जायला हवं, म्हणून बाहेरून ॲक्रिलिकला चालणारं पॉलिश. आतला स्प्रे बाहेर लावून उपयोग नाही, पहिल्याच तुषारांत धुऊन जातो. वायपर कोरड्या ॲक्रिलिकवर कधीच चालवू नका, धुळीचा एक कण अर्धवर्तुळ कोरून ठेवतो.

आणि बाहेर खरोखर दाट धुकं असेल तर यातलं काहीच कामाचं नाही. हवामान खात्याच्या हिशोबाने २०० मीटरच्या आत दिसतं ते दाट आणि ५० मीटरच्या आत ते अतिदाट. अतिदाट धुक्यात काच कितीही लख्ख असली तरी नाव काठालाच. आम्ही सरळ थांबतो, वारकरी पक्ष्यांचे आवाज ऐकत बसतो, नऊ-साडेनऊला उघडलं तर निघतो, नाहीतर घरी. मधेच गाठलं धुक्याने तर इंजिन अगदी हळू, एक जण पुढे केबिनबाहेर उभा, आणि शिट्टी.

एक गोष्ट हात जोडून सांगते. इकडे थंडीत सिगडी पेटवायची सवय घराघरांत आहे, आणि धरणावर मी लोकांना केबिनमधे कोळशाची सिगडी किंवा छोटी गॅसची शेगडी ठेवताना बघितलंय, काचही साफ राहते म्हणतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, बंद केबिनमधे माणूस झोपेतच जातो. गॅसची ज्योतही कोंडलेल्या जागेत तोच वायू सोडायला लागते. आणि काचेसाठी म्हणाल तर १ किलो एलपीजी जळून सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणजे वाफ घालवायला आपण वाफच पेटवतोय. थंडी वाजते तर स्वेटर वाढवा, टोपी घाला, कृपा करून आत काही पेटवू नका.

दुर्बिणीवर वाफ धरते त्याचं काय, असं दोघांनी विचारलं होतं. नायट्रोजन भरलेली असली तरी तो इलाज आतल्या भिंगांसाठी, डोळ्याकडच्या भिंगावर आपल्या श्वासाची वाफ धरतेच. मफलर नाकावरून घेतला की श्वास वर चष्म्यावर आणि दुर्बिणीवर येतो, तो हनुवटीखाली ठेवा. आणि जॅकेटच्या आत उबेला ठेवलेली दुर्बीण गार दुर्बिणीपेक्षा खूप कमी धुरकटते.

शेवटचं काम नाव बांधल्यानंतरचं, जे बहुतेक जण करत नाहीत. आल्यावर ताडपत्री गच्च आवळून ठेवली की आतली सगळी ओल रात्रभर आतच राहते आणि सकाळी कव्हर काढायच्या आधीच काचेवर पाणी असतं. आम्ही आता ताडपत्रीखाली मधे एक बांबू उभा करून पुढची-मागची बाजू वीतभर उघडी ठेवतो, जॅकेटं काठावर उन्हात वाळवून घरी नेतो, आणि पंख्याचं तोंड वर करून ठेवतो म्हणजे त्यात दव साचत नाही. पुढच्या नोव्हेंबरला फिल्मचा ओरखडा पडलेला तुकडा बदलायचाय, बाकी काही नवीन घ्यायचं नाहीये.