कॅल्शियम अल्जिनेट पट्टी: ओल्या जखमेला घ्या, कोरडीला नको

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या मेडिकल दुकानांत १०×१० सेंमीची पट्टी मागा. पाकिटाचं सील नि एक्सपायरी तिथेच बघा, पावसाळ्यात तर नक्कीच.

अल्जिनेट हा तपकिरी समुद्री शेवाळातला पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचा पदार्थ. त्याच्यावर ऋणभार असतो आणि कॅल्शियम त्याच्या साखळ्या बांधून ठेवतो. जखमेच्या स्रावातला सोडियम आत शिरला की कॅल्शियम सुटतो आणि कापसासारखी पट्टी जेली होते. वजनाच्या साधारण १५ ते २० पट स्राव शोषते. म्हणून आधी सलाईनमध्ये भिजवून लावणं म्हणजे पैसे पाण्यात! जखमेच्या मापातच कापा. कडेच्या कातडीवर आली तर कातडी पांढरी, लिबलिबीत होते. खोल जखमेत ठासू नका, फुगायला जागा हवी. वर गॉज लागतोच, तो खर्च वेगळा.

उघडल्यावर पिवळट जेली दिसली, किंचित वास आला, तरी लगेच पू समजू नका. आधी सलाईनने धुवा, मग ठरवा. कोरड्या जखमेवर मात्र ही चिकटून बसते.

खरी उणीव वेगळीच: ओली पट्टी चिमट्याने उचलताना तुटते, धागे आत राहतात. नॅनोसेल्युलोजचे (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म) तंतू मिसळले की हीच ओली जेली भक्कम होते, पण साध्या पट्टीत ते नसतात.