मांजरासाठीची कडक प्लास्टिकची पेटी: वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही आमच्या मनी नावाच्या मांजरीला प्रवासात नेण्यासाठी कडक प्लास्टिकची, समोर आणि वर अशी दोन दारे असलेली पेटी वापरत आहोत. पुण्याहून कराड, मलकापूर आणि आंबा घाटमार्गे रत्नागिरीला जाताना तिचा सर्वाधिक उपयोग झाला. पेटी सुमारे ४८ सेंटिमीटर लांब आहे आणि साडेचार किलो वजनाच्या मनीला तीत उभे राहता, वळता आणि अंग पसरून झोपता येते. पेटी निवडताना हीच कसोटी लावावी; विमानातून जनावरे नेण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही पेटीच्या मापासाठी हाच निकष आहे.

वरचे दार हा या पेटीचा मोठा गुण आहे. समोरच्या दारातून आत ढकलू लागले की मांजर चारही पाय कडेला रोवून उभे राहते. वरून मात्र तिला दोन्ही हातांनी आधार देऊन अलगद खाली ठेवता येते. पशुवैद्यांकडे गेल्यावर बाजूच्या कड्या काढून वरचा अर्धा भाग उचलला, की मनी खालच्या भागात बसलेली असतानाच तपासणी आणि इंजेक्शन दोन्ही होऊन जाते. तरीही कोणतीही पेटी केवळ प्रवासाच्या दिवशी माळ्यावरून काढली, तर मांजर तिला घाबरणारच. आमची पेटी वर्षभर दिवाणखान्यात, आत जुनी चादर घालून, दार उघडे ठेवलेली असते आणि मनी दुपारी तिच्यातच झोपते. प्रवासाच्या तयारीतले सर्वांत मोलाचे काम मला हेच वाटते.

गाडीत ही पेटी पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवण्याच्या जागेत घट्ट बसते, त्यामुळे घाटाच्या वळणांवर ती सरकत नाही. तळाशी लघवी शोषणारे पॅड आणि त्यावर घरात वापरलेली, न धुतलेली चादर घालतो, कारण ओळखीच्या वासाने मांजर लवकर शांत होते. निघण्यापूर्वी चार-पाच तास खायला देत नाही, पाणी मात्र देतो. एवढ्याने उलटीचा त्रास बराच कमी झाला. पॅड आणि चादरीचा दुसरा जोड, ओले फडके आणि कचऱ्याची पिशवी हाताशी लागतात, म्हणून त्या डिकीतल्या सामानात जाऊ देऊ नयेत.

मनीची पिशवी आम्ही स्वतंत्र भरतो. मुक्कामाला पुरेल इतके नेहमीचेच खाद्य, उथळ ट्रे, घरातली थोडी वापरलेली लिटर (ट्रेमध्ये घालायची, मांजराच्या शी-शूसाठीची वाळू), वाट्या, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि रेबीजच्या लसीची नोंद असलेले कार्ड, असे तिचे स्वरूप ठरून गेले आहे. कोकणातल्या दमट हवेत लिटर ओलावा धरते, म्हणून ती झाकणाच्या डब्यात नेणे बरे. मनीची औषधे आमच्या औषधांपासून पूर्ण वेगळी असतात. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे असते आणि अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. परगावी घाईत कोणी तापाची गोळी देऊ नये, यासाठी घरातल्या सर्वांना हे आधीच सांगून ठेवावे.

आता दोष. समोरच्या दाराच्या लोखंडी जाळीवर खाऱ्या हवेने गंज धरू लागला आहे आणि दोन कड्या सैल झाल्या आहेत, त्यामुळे उचलताना आम्ही पेटीभोवती एक रुंद पट्टा आवळतो. केवळ वरच्या मुठीवर विसंबून मांजरासह पेटी उचलणे मला सुरक्षित वाटत नाही. झरोके फक्त वरच्या अर्ध्यात असल्याने उन्हाळ्यात आत उकडते. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर लगेच थांबून तिला गारव्यात न्यावे. बंद गाडीत तर पेटी काही मिनिटेही ठेवू नये.

कुत्रा घेऊन रेल्वेने जाणाऱ्यांना या पेटीचा फारसा उपयोग नाही. एसी टू टायर, थ्री टायर आणि स्लीपरमध्ये कुत्र्याला नेता येत नाही. एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे (दोन जणांची खोली) किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, अन्यथा त्याची रवानगी गार्डच्या डब्यातील कुत्र्यांच्या खोक्यात होते. सहा किलोंच्या पुढच्या बोक्यासाठीही हे माप अपुरे पडेल, असा बोका असलेल्यांनी याच बांधणीची मोठी पेटी घ्यावी आणि जाळी गंजरोधक आहे का, हे दुकानातच विचारून घ्यावे.