रेंज नाही म्हणून फोनातून फोनात घेतलेलं अ‍ॅप

मेळघाटातल्या कित्येक गावांत वावरात उभं राहिलं की रेंज जाते. ई-पीक पाहणीची (शेतातल्या पिकाची सरकारी अ‍ॅपवर नोंद) मुदत संपत आली की प्ले स्टोअर उघडत नाही, म्हणून अ‍ॅप एका फोनातून दुसऱ्यात घ्यायची सवय पडली आहे. ठग नेमका इथेच शिरतो.

आठवडी बाजारात गळ्यात ओळखपत्र लटकवलेला पोरगा भेटतो. "काका, नेट नाही लागत, ब्लूटूथ चालू करा, पीक विम्याचं अ‍ॅप टाकून देतो." क्विक शेअरमध्ये (जवळच्या फोनात फाइल पाठवायची सोय) 'सर्वांना दिसेल' निवडायला लावतो अन् फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप टाकायची फाइल. अनोळखी स्रोतातून इन्स्टॉल करू नका, असा इशारा फोन देतो, तेव्हा तो "आणा, मी करून देतो" म्हणत फोन हातात घेतो. पुढे एसएमएस वाचण्याची अन् अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची, बटणं दाबायची) परवानगीही तोच देतो. मग फॉर्ममध्ये आधार, खाते नंबर आणि डेबिट कार्डाचे तपशील भरून घेतो.

घरी येऊन ब्लूटूथ बंद केलं की सुटलो, असं लोकांना वाटतं. तसं नाही हो! ब्लूटूथची पोच साधारण १० मीटर. ते फक्त फाइल आत येण्यापुरतं लागलं. पुढचं काम ते अ‍ॅप इंटरनेटवरून करतं. गाव गाठून फोनला रेंज आली की बँकेचा ओटीपी परस्पर ठगाकडे जातो, तुमच्या स्क्रीनवर दिसतही नाही. पीक विम्यासाठी म्हणून अनोळखी माणसाला कार्डाचा नंबर द्यायचा नाही, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा.

जुन्या फोनांचा धोका वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये ब्लूटूथमधला एक दोष जाहीर झाला: जवळचा माणूस खोटा कीबोर्ड जोडून तुमच्या फोनवर बटणं दाबल्यासारखी दाबू शकतो, तुम्ही होकार न देताही. अँड्रॉइड ११ पासून पुढे दुरुस्ती आली. १० आणि त्याआधीच्यांना नाही. सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' उघडून व्हर्जन पाहा. जुनं असेल तर गरजेपुरतंच ब्लूटूथ चालू ठेवा.

असं अ‍ॅप आत गेलंच असेल तर आधी एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद करा. सिम काढून साध्या बटणाच्या फोनात टाका, म्हणजे ओटीपी तिथेच येतील. त्याच फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा अन् बँकेला खातं, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कळवल्यानंतर गेलेली रक्कम बँकेच्या माथी असते, आधी गेलेली मात्र ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर त्याच्यावर, म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. ##००२# लावून कॉल फॉरवर्डिंगही (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरावर वळवणं) रद्द करा.

ते अ‍ॅप निघत नसेल तर आधी त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' (अ‍ॅपला फोनवर ताबा देणारी) परवानगी काढा. तक्रारीसाठी अ‍ॅपच्या नावाचा अन् फाइलचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, फॅक्टरी रीसेट त्यानंतरच.