कोयता हत्यार की अवजार? संसदेचं डिजिटल ग्रंथालय तपासताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शहाळी तासायचा कोयता उघड्यावर विकायला असतो. त्याचं पातं नऊ इंचांच्या वर गेलं तर तो कायद्याने हत्यार ठरतो का? हाच प्रश्न घेऊन संसदेचं डिजिटल ग्रंथालय (सभागृहातल्या चर्चांचा ऑनलाइन संग्रह) आणि सोबत लागणारी सरकारी संकेतस्थळं तपासली. कायदा काय म्हणतो ते लगेच सापडतं. तो तसा का झाला हे सापडायला वाट माहीत असावी लागते, आणि या सेवेचं खरं मोल तिथेच आहे.

सुरुवात इंडिया कोड या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळापासून करावी. शस्त्र अधिनियम, 1959, क्रमांक 54 असा शोध घेतला की कलमवार मजकूर आणि तळटिपांत दुरुस्त्या दिसतात. हा भाग उत्तम आहे. कलम 2(1)(सी) मधल्या व्याख्येत धारदार शस्त्रं येतात, पण फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. 2016 च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक वापराच्या वस्तूंना तिथेही सूट आहे. शिवाय कलम 4 प्रमाणे अशा पात्यांना परवाना लागतो तो केंद्राने अधिसूचित केलेल्या भागातच. म्हणजे शहाळ्याचा कोयता अवजारच. मात्र त्यानेच कुणाला जखमी केलं की भारतीय न्याय संहितेचं कलम 118 लागतं, आणि तिथे वस्तू कशासाठी बनवली होती हे कुणी विचारत नाही. साध्या दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंभीर दुखापतीला किमान एक वर्ष, कमाल जन्मठेप.

आता 'का'कडे वळू. या कायद्याच्या मूळ विधेयकासोबतच्या उद्देश व कारणांच्या निवेदनात चाकू, भाले, धनुष्यबाण यांना 'शस्त्र' या व्याख्येतून वगळण्याचा हेतू मांडला होता. संमत कायद्यात धारदार शस्त्रं व्याख्येतच आहेत, सवलत कलम 4 मधून दिली आहे. मधे काय घडलं, ते त्या वेळच्या चर्चेतच वाचायचं. (तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, त्या सभागृहात आपला एकही खासदार नव्हता.)

ग्रंथालयात थेट विषयाचा शब्द टाकून शोधू नका; ढीगभर निकाल येतात आणि हवा तो निसटतो. आधी संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकांच्या विभागातून विधेयक मांडल्याची आणि मंजुरीची तारीख काढा, मग त्या तारखेची चर्चा उघडा. राज्यसभेच्या चर्चा वेगळ्या ठिकाणी आहेत, त्या विसरू नका. भाषणं वरवर चाळली तरी चालेल. 'खंड 2 विधेयकाचा भाग व्हावा' (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) असा प्रस्ताव जिथे मतास टाकला जातो तिथे थांबा. कुणाची दुरुस्ती आली, कोणती फेटाळली, मंत्री काय म्हणाले, सगळं त्या दोन-चार पानांत असतं. जुनी पानं स्कॅन केलेली असल्याने शब्दशोध चुकतो. डोळ्यांनीच वाचावं लागतं. मराठीत केलेलं भाषण कित्येकदा इंग्रजी भाषांतरात छापलेलं असतं, फक्त तारांकित टीप तेवढी सांगते. हे मराठी वाचकाला खटकतं, आणि खटकायलाच हवं.

ब्रिटिश संसदेच्या हॅन्सार्डमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चांच्या अधिकृत नोंदीत, प्रत्येक भाषणाला स्वतंत्र दुवा असतो. 2019 च्या तिथल्या घातक शस्त्र कायद्यात शिखांच्या कृपाणासाठी तरतूद कशी आली, हे त्यामुळे सहज माग काढून वाचता येतं. आपल्याकडे तेवढं झालं तरी पुष्कळ.

आक्षेपार्ह वर्तनाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घालण्याला जुन्या दंड संहितेत 24 तासांपर्यंत कैद किंवा दहा रुपये दंड होता. न्याय संहितेच्या कलम 355 मध्ये दंड 1,000 रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षा आली. पण डिसेंबर 2023 मध्ये लोकसभेने 20 तारखेला आणि राज्यसभेने 21 तारखेला ही संहिता मंजूर केली, त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून 146 खासदार निलंबित झाले होते. नोंदीत विरोधाची बाजू त्यामुळे फार तोकडी आहे. ती वाचायची तर गृहविषयक स्थायी समितीच्या अहवालाला जोडलेल्या भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांची लेखी टिपणं, काढा. चर्चेपेक्षा त्यात जास्त ऐवज आहे.

पर्वरीकडून, म्हणजे गोवा विधानसभेकडून, शस्त्रांविषयीच्या कायद्याची अपेक्षा ठेवू नये. तो विषय केंद्र सूचीतला आहे. किनाऱ्यावरचा उपद्रव मात्र आपल्या विधानसभेच्या हातात आहे. पर्यटन स्थळांच्या 2001 च्या कायद्याला 2025 च्या पावसाळी अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आलं. गिऱ्हाइकांच्या मागे लागणं, उघड्यावर स्वयंपाक, बाटल्या फोडणं हे सारं उपद्रवाच्या व्याख्येत, आणि दंड 5,000 रुपयांपासून एक लाखापर्यंत. कामकाजाचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं, पण तासन्‌तासांच्या चित्रफितीत एक कलम हुडकणं वेळखाऊ. आधी गोवा शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावरून राजपत्राची मालिका 1 उतरवून घ्या आणि व्याख्येचं कलम समोर ठेवूनच चित्रफीत लावा.